रोल पुढे सरकवताना निघालेला फोटो

आमचे आजोळ शिरोळ तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावात होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ते घर आठवडाभर पाण्यात राहिले आणि पाणी उतरल्यावर त्याच्या मातीच्या भिंती एकामागून एक खचत गेल्या. त्या घराचा आतून काढलेला एकच फोटो आज आमच्याकडे आहे आणि तोही कोणी ठरवून काढलेला नाही. १९९१ च्या मे महिन्यात आम्ही सगळी भावंडे, मामा-मामी, मावशी आणि आजी मिळून खिद्रापूर आणि नरसोबाच्या वाडीला निघालो होतो. मामांनी एका स्नेह्यांकडून यशिका कॅमेरा मागून आणला होता. त्यात ३६ फोटोंचा रोल भरल्यावर, उजेड लागलेला सुरुवातीचा तुकडा पुढे जावा म्हणून दोन-तीन वेळा बटण दाबून रोल सरकवावा लागे. मामांनी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या दालनात उभे राहून, कॅमेरा डोळ्याला न लावताच ते बटण दाबले, आणि त्यातला शेवटचा फोटो अर्धवट उमटला. त्याचा डावीकडचा भाग उजेड लागून पांढरा पडला आहे आणि पांढऱ्याच्या कडेला नारिंगी पट्टा आहे. उरलेल्या भागात सोप्याचा लाकडी खांब, भिंतीतला कोनाडा, आजीची पितळी घागर आणि वाकून पिशवीत भाकऱ्यांचे गाठोडे ठेवणारी पाठमोरी मामी दिसते.

खराब निघाला म्हणून मामांनी तो फोटो अल्बममध्ये लावलाच नव्हता. अल्बम, निगेटिव्ह आणि ज्या ट्रंकेत ते ठेवले होते ती ट्रंक, सगळे पुरात गेले. कोल्हापुरात राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या मावशीने मात्र त्या वेळी संपूर्ण रोलच्या प्रती काढून घेतल्या होत्या आणि हा वाया गेलेला फोटोसुद्धा न फेकता पाकिटात ठेवला होता. त्याच पाकिटात खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरासमोर ओळीने उभे राहून काढलेले आमचे बरेच फोटो आहेत. सगळे ताठ उभे, डोळे उन्हाने मिटलेले, आणि पाठीमागे देऊळ. ते देऊळ आजही जसेच्या तसे आहे आणि पुढच्या रविवारी जाऊन त्याचा त्याहून चांगला फोटो कोणालाही काढता येईल. सोपा मात्र पुन्हा मिळणार नाही.

या एका पाकिटाने सहलीतील छायाचित्रणाविषयीचे माझे मत कायमचे बदलले, आणि ते मला आज सविस्तर मांडायचे आहे. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला एका दिवसात जाऊन येण्यासारख्या जागांची वाण नाही. पन्हाळा आणि जोतिबा तर वीसएक किलोमीटरवर आहेत. वाडी, खिद्रापूर, बाहुबली, कणेरी मठ, राधानगरी, गगनबावडा ही सगळी ठिकाणे सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशा अंतरावर आहेत. आपण वर्षातून चार-पाच वेळा तरी घरच्या सगळ्यांना घेऊन यांपैकी कुठेतरी जातो, शेकडो फोटो काढतो, आणि त्यांतले बहुतेक फोटो त्या ठिकाणाचे असतात, म्हणजे ज्या गोष्टीला आपल्या फोटोची मुळीच गरज नाही तिचे असतात. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना यांची उत्तम साधनांनी काढलेली छायाचित्रे आधीच भरपूर आहेत आणि यापुढे आणखी निघतील. परंतु तीन दरवाजाच्या गार सावलीत चप्पल काढून पाय चोळत बसलेल्या तुमच्या आत्याचा फोटो जगात दुसरा कोणी काढणार नाही. हौशी माणसाचे काम तिथे सुरू होते असे मी मानते.

म्हणून माझा आग्रह असा आहे की सहलीचा पहिला फोटो घरातच काढावा. डबे भरले जात असतात, कोणीतरी पाण्याच्या बाटल्या मोजत असते, सासरे गाडीची चावी शोधत असतात, आणि नातवंडे अर्धवट झोपेत दाराशी उभी असतात. ही पंधरा मिनिटे सहलीतली सर्वांत जिवंत असतात, आणि नेमकी तीच आपल्या संग्रहात नसतात. तशीच गोष्ट वाटेतल्या चहाची, झाडाखाली उघडलेल्या दशम्यांची आणि खर्ड्याची, वाडीच्या घाटावर बसून कवठाच्या बर्फीचे समान तुकडे करणाऱ्या हातांची, आणि परतीच्या वाटेवर एकमेकांच्या खांद्यावर झोपलेल्या मुलांची. या वेळी कोणालाही हाक मारून कॅमेऱ्याकडे बघायला लावू नये. ओळीतला फोटो एक जरूर काढावा, कारण कोण कोण आले होते याची ती नोंद असते, पण एकच काढावा आणि मग लोकांना मोकळे सोडावे.

याचा अर्थ फोटो कसाही काढला तरी चालतो असा नाही. मामांच्या फोटोला जे मोल आले ते योगायोगाने, आणि योगायोगावर विसंबून राहणे बरे नव्हे. उजेडाकडे लक्ष देणे ही या छंदातली खरी शिस्त आहे, आणि आपल्या भागात तिची फार गरज पडते. आपल्या सहली बहुधा मे महिन्याच्या सुट्टीत निघतात. कोल्हापूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी उघड्यावर काढलेल्या प्रत्येक फोटोत डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळी सावली पडते, आणि घरात नऊ वाजता नाश्ता करून निघालेली मंडळी नेमकी त्याच वेळी ठिकाणावर पोचतात. सहा वाजता निघालात तर सात वाजता पन्हाळ्यावर पोचता, आणि त्या वेळचे तिरपे ऊन माणसांच्या चेहऱ्यावर अतिशय प्रेमाने पडते. पावसाळ्यात गडावर धुके असले म्हणजे तर उजेड सगळीकडून सारखाच येतो. त्या दिवशी दरीचा देखावा दिसला नाही म्हणून अनेक जण हिरमुसतात, पण माणसांचे फोटो काढण्यासाठी त्याहून चांगला दिवस नाही.

दुसरी अडचण आपल्या काळ्या दगडाची आहे. आपल्याकडची देवळे आणि गडांचे तट काळ्या पाषाणाचे आहेत. चौकटीत काळा दगड जास्त आला की कॅमेऱ्याला वाटते की उजेड कमी आहे, म्हणून तो सगळा फोटो उजळ करतो, आणि त्यात आजोबांची पांढरी टोपी आणि त्यांचा चेहरा पार उडून जातो. मोबाइलवर यावर उपाय सोपा आहे. चेहऱ्यावर बोट दाबून धरावे म्हणजे उजेडाचे माप तिथे बांधले जाते, आणि मग बोट खाली ओढून तो थोडा कमी करावा. दगड काळाच दिसू द्यावा, कारण तो काळाच आहे. तसेच माणूस मोठा दिसावा म्हणून पडद्यावर बोटांनी चित्र ताणू नये. शक्यतो आपण दोन पावले पुढे जावे. मात्र फार जवळ जाऊन चौकटीच्या अगदी कडेला कोणाला उभे करू नये, कारण मोबाइलच्या रुंद भिंगात कडेचे चेहरे ओढल्यासारखे होतात. घरातल्या बायका असे फोटो पाहून वर्षानुवर्षे आपल्या अंगाला दोष देत राहतात आणि तो दोष भिंगाचा असतो, हे मी मुद्दाम सांगते.

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातील स्वर्गमंडपाविषयी मात्र थोडे थांबून लिहावेसे वाटते, कारण उजेड समजून घ्यायला आपल्या जिल्ह्यात त्याच्यासारखी शाळा नाही. ४८ खांबांचा तो मंडप वरून उघडा आहे. छतातील गोल झरोक्यातून आकाश दिसते आणि त्याच्या बरोबर खाली एक गोल अखंड शिळा आहे. मे महिन्याच्या आरंभी भर दुपारी, म्हणजे बाहेर फोटो काढणे अशक्य असते त्या वेळी, उन्हाचे वर्तुळ त्या शिळेवर येते. बहुतेक लोक मुलांना त्या वर्तुळाच्या मध्यभागी उभे करतात, आणि मग त्यांचे डोळे पुन्हा काळे पडतात. मुलाला वर्तुळाच्या बाहेर, खांबाशी, शिळेकडे तोंड करून बसवावे. फरशीवरून परतलेला उजेड खालून आणि समोरून त्याच्या चेहऱ्यावर येतो, पाठीमागचे खांब अंधारात जातात, आणि कोणतेही जादा साधन न वापरता चेहरा असा उमटतो की पाहत राहावे. माझ्या मुलीचा मला सर्वांत आवडणारा फोटो असाच निघाला आहे. त्यात स्वर्गमंडप जवळजवळ दिसतच नाही.

उजेडासाठी थांबण्याची परंपरा या शहराला नवी नाही. चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा तलाव आणि कोटितीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वदेशी मूव्ही कॅमेरा घडवला आणि १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली, आणि त्यांच्या आठवणीचे कॅमेऱ्याचे स्मारक खरी कॉर्नरपाशी आपण रोज जाता-येता पाहतो. ही माणसे आधी चित्रकार होती, म्हणून त्यांची नजर उजेडावर तयार झाली होती. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खाताना संध्यामठाकडे पाठ करून सेल्फी काढणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगते की अर्धा तास थांबा, सूर्य पाण्याला टेकू द्या आणि मग आपल्या आईचा फोटो काढा.

जोतिबाला जाणार असाल तर गुलालाची काळजी घ्यावी. भिंगावर बसलेला गुलाल कोरड्या रुमालाने पुसू नये, ओरखडे पडतात. आधी फुंकून घालवावा आणि मग मऊ कापड फिरवावे. अंबाबाईच्या देवळात छायाचित्रणाला मनाई आहे तिथे ती मनापासून पाळावी. तटाच्या कडेवर किंवा धबधब्याच्या खडकावर कोणालाही मागे सरकायला सांगू नये. फोटो काढणाऱ्याने आधी त्या माणसाच्या पायांखाली पाहावे आणि नंतर पडद्यावर पाहावे.

आणखी एक गोष्ट मला लागून राहिली आहे. प्रत्येक घरात फोटो काढणारे माणूस ठरलेले असते आणि ते फोटोत नसते. आमच्या घरात ते माणूस मी आहे. लग्नानंतरच्या दहा-अकरा वर्षांच्या सहलींत मी जवळजवळ कुठेच नाही, आणि माझ्या मुलीने एकदा विचारले की, “आई, तू आमच्याबरोबर यायची नाहीस का?” त्या दिवसापासून प्रत्येक सहलीत तासभर कॅमेरा तिच्या हातात असतो. ती माझ्या खांद्याएवढ्या उंचीवरून पाहते, त्यामुळे तिच्या फोटोंत आजीचे हात जास्त येतात, आणि आजीच्या हातांचे फोटो मी स्वतः कधीच काढले नव्हते.

शेवटी, फोटो कागदावर काढून घ्यावेत. मोबाइल बदलतो, व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला फोटो दाबला जाऊन त्यातला तपशील जातो, आणि हजारो फोटोंच्या ढिगातून वीस वर्षांनी कोणी काही शोधणार नाही. वर्षाला बारा-पंधरा फोटो निवडून त्यांच्या तीन प्रती काढाव्यात आणि त्या तीन वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात, त्यांतले एक तरी घर पुराच्या रेषेच्या वर असावे. २०१९ नंतर २०२१ मध्येही पाणी आले, तेव्हा एका नातलगांचे चिकटलेले अल्बम आम्ही वाचवू शकलो. भिजलेले फोटो तसेच वाळू देऊ नयेत, कारण वाळले की ते एकमेकांना कायमचे चिकटतात. ते स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सुटे करावेत आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. आम्ही घरभर जुन्या चादरी अंथरल्या होत्या आणि दोन दिवस कोणी पंखासुद्धा लावला नव्हता.

मागच्या महिन्यात मी सोप्याच्या त्या फोटोच्या चार प्रती काढून घेतल्या. हल्लीच्या फोटोची मागची बाजू गुळगुळीत असते, पेन्सिल तिच्यावर उमटत नाही, म्हणून न पुसणारे बारीक मार्कर पेन वापरले आणि शाई पूर्ण वाळेपर्यंत प्रती एकमेकींवर ठेवल्या नाहीत. मजकूर मामांना विचारून लिहिला, कारण घागर कोणत्या कोपऱ्यात असायची हे मला आठवत होते, पण ती कुठून आली हे माहीत नव्हते. चारही प्रतींच्या मागे आता असे आहे : “मे १९९१. खिद्रापूर आणि वाडीला निघताना. मामांचा सोपा. पाठमोरी मामी. घागर आजीच्या माहेरची.”