एक स्टार देणाऱ्या भाऊंना टॉकीज मालकाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही आपल्या टॉकीजला एक स्टार देऊन लिहिलं: "८० रुपये पाण्यात. हॉरर म्हणून लावला अन् पब्लिक हसत होतं. आवाज फाटका, मधातच पडद्यावर उजेड, पंखा किरकिरतो. भाच्याला आत सोडलं नाही. आधीचे भुताचे पिक्चर भारी होते. पैसे वापस करा."

वाचून राग आला, खोटं काऊन सांगू. मग रविवारी रात्री नऊच्या शोला मी स्वतः खाली, मागून तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो.

हिरोईन कंदील घेऊन हवेलीच्या विहिरीकडे जाते, तो सीन आठवा. संगीत बंद, नुसती पावलं. बाईच्या मागून आणखी कोणीतरी चालतंय, असं ते आहे. ती मागची पावलं आपल्या पाठीमागून यायला पाहिजेत. आपल्याकडे दोन्ही पावलं पडद्यातूनच येत होती, म्हणून बाई एकटीच जरा घाईत चालल्यासारखी वाटत होती. मागच्या भिंतीवरचे दोन्ही स्पीकर मुके! त्यात नेमका तेव्हाच एक जण समोसा घेऊन आत शिरला, दाराचा पडदा उचलला गेला अन् बाहेरच्या ठेल्यावरचा बल्ब थेट विहिरीवर पडला. हसणाऱ्यांत मीही होतो, भाऊ.

एवढी चूक आमची. सोमवारी स्पीकर उतरवले. कॉइल जळल्या होत्या, नागपूरहून बदलून आणल्या. दाराला आता एकामागे एक असे दोन काळे पडदे, मधात चार फूट जागा सोडून. पंख्याला तेल दिलं. ठेलेवाल्यानं बल्ब रस्त्याकडे फिरवला.

बुधवारी परत पाहिला. पावलं मागून आली, अगदी कानाशी. तरी भीती काही वाटली नाही. तेव्हा पुढचा हिशेब पिक्चरवाल्यांकडे मागा. पहिल्या वीस मिनिटांत भूत पूर्ण तोंडासकट दाखवून टाकलं, मग उरलेल्या दीड तासाला शिल्लक काय? दर वेळी आधी ढॅण करून वाजवतात, म्हणजे सावध व्हा म्हणून दवंडीच. तीनदा मांजर निघते, दोनदा स्वप्न. शेवटी खरं भूत आलं तरी पोट्टे "मांजर, मांजर" ओरडत होते.

अन् आपल्या माणसाला घाबरवणं सोपं नाही, हेही धरा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-सिंदेवाहीच्या या पट्ट्यात शेतीची थ्री फेज लाईन रात्रपाळीची असली की माणूस रात्री दोनला मोटार चालू करायला धुऱ्याधुऱ्यानं एकटा जातो. इंटरव्हलला एक शेतकरी चहा पिता पिता म्हणाले, "मालक, परवा बांधीत पाणी सोडून परत येत होतो. जातानाचा माझ्या चपलेचा ठसा होता चिखलात, त्याच्यावर वाघाचा पंजा." एवढंच बोलले अन् समोसा घ्यायला गेले. त्या रात्री गाडीवरून घरी जाताना मी दोनदा मागे वळून पाहिलं. पिक्चरसाठी एकदाही नाही.

आधीचे पिक्चर भारी म्हणता, तर रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' १९८४ साली आला, तो वडिलांनी इथे लावला होता. लोक बंड्या जुंपून यायचे. आज लावला तर त्यालाही हसतील. तेव्हा शो सुटल्यावर गावापर्यंत अंधार होता, अर्धा पिक्चर तिथे रस्त्यावर चालायचा. आता सगळ्यांच्या खिशात टॉर्च. पण भीतीला गिऱ्हाईक नाही असं नाही. २०१८ चा 'तुंबाड' २०२४ मध्ये परत लागला अन् पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला.

मग असला पिक्चर लावताच कशाला, असं कोणीही विचारेल. अमरावतीच्या वितरकाला आठवड्याचा शब्द दिलेला असतो. शनिवारी पिक्चर पडला तरी गुरुवारपर्यंत ओढावाच लागतो. ट्रेलर तर सगळ्यांचेच भारी असतात, मीही त्यालाच फसलो. त्यात दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की वडसाच्या झाडीपट्टी नाटक कंपन्यांची नाटकं रात्रभर, तेव्हा माझ्याकडे वीस डोकी जमत नाहीत. म्हणून त्याआधी जो मिळेल तो मोठ्या आवाजाचा पिक्चर घेतो, ही माझी खोड.

भाच्याचं म्हणाल तर पिक्चर 'ए' प्रमाणपत्राचा होता, अठराच्या आतल्याला सोडता येत नाही. त्यात माझा इलाज नाही.

राहिले पैसे. पिक्चर भंगार निघाला म्हणून वापस देत बसलो तर टॉकीज विकावी लागेल. पण स्पीकर बंद होते, हे तिकीट फाडताना आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. शुक्रवार ते रविवार ज्यांनी तिकीट काढलं, त्यांनी अर्धुक दाखवून पुढचा कोणताही एक शो फुकट पाहावा. तुम्ही तर तिकिटाचा फोटोच टाकला आहे, तोच खिडकीवर दाखवा अन् मागून तिसरी रांग मागून घ्या. तिथे आता आवाज बरोबर येतो.