शनिवारची शर्यत, सरकलेला बोया आणि बदललेला निकाल: दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

मुंबई बंदरात आम्ही भरवलेल्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीला तुम्ही दोन तारे दिलेत. तुमची तक्रार थोडक्यात अशी: दहाची शर्यत साडेबाराला सुटली, दुसऱ्या शर्यतीत तुम्ही पुढे असताना ती रद्द झाली, निकाल तीन दिवसांनी बदलला, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, क्रेनने उतरवताना तुमची लाकडी बोट दुखावली आणि तिच्यात पाणी शिरलं, आणि जुन्या बोटींना आम्ही फक्त फोटोपुरतं बोलावतो. शिवाय बोया सांभाळणाऱ्या आमच्या तांडेलांना तुम्ही ‘अडाणी’ म्हटलंत.

उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण आधी सगळ्या वेळा, नोंदी आणि फोटो पुन्हा तपासले. काही बाबतीत तुमचं बरोबर निघालं, काही बाबतीत नाही.

आधी उशिराबद्दल. पौर्णिमा गुरुवारी झाली होती, म्हणजे शनिवारी उधाणाचं पाणी. सकाळी दहाला भरती जोरात आत येत होती आणि पहाटेचा मतलई वारा पडला होता. खारा वारा अजून आला नव्हता. अशा वेळी शर्यत सोडली असती तर शिडं लोंबकळत राहिली असती आणि पाण्याच्या ओढीने सगळ्या बोटी उत्तरेला, नांगरलेल्या लाँचींवर जाऊन आदळल्या असत्या. घारापुरीच्या लाँचींची ये-जा चालू होती ती वेगळीच. म्हणून आम्ही लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं निशाण चढवलं, दोन भोंगे दिले आणि थांबलो. वायव्येचा वारा बाराच्या सुमारास धरला आणि साडेबाराला शर्यत सुटली. हा निर्णय मी उद्याही असाच घेईन.

पण त्या अडीच तासांत तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही, हे खरं आहे. तुमच्यासोबत पंधरा वर्षांची मुलगी होती, ऊन चढत होतं, पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या. प्रत्येक बोटीपाशी जाऊन ‘वारा बारापर्यंत येईल, तोवर सावलीला बसा’ एवढं सांगायला एक माणूस पुरला असता. तो मी ठेवला नव्हता. माफ करा.

आता दुसरी शर्यत. हे जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचा राग इथेच जास्त आहे आणि त्याला कारण आहे.

खालचा बोया, म्हणजे बोटींनी वळसा घालायची वाऱ्याच्या खालच्या बाजूची तरंगती खूण, आम्ही सकाळी नऊला टाकला. तेव्हा तिथे साधारण सात मीटर पाणी होतं आणि दोर पंधरा मीटरचा. दुपारी एकच्या सुमारास भरती पूर्ण झाली तोवर पाणी जवळजवळ अडीच मीटरने चढलं होतं. नांगर चिखलात धरून राहायला दोर आडवा, लांब पडलेला हवा. आमचा दोर ताठ उभा झाला. मग ओहोटी लागली, दोराला दक्षिणेकडे ओढ बसली, नांगराचे दात चिखलातून सुटले आणि बोया हळूहळू चालू लागला.

तुम्ही वळसा घातलात तेव्हा तो थोडाच सरकला होता. तुमच्यामागच्या तीन लाकडी बोटींना तो गाठायला आणखी दीडशे मीटर खाली जावं लागलं आणि तेवढंच अंतर वाऱ्याच्या आणि ओहोटीच्या विरुद्ध परत यावं लागलं. अशी शर्यत मोजली असती तर त्या तिघांवर अन्याय झाला असता. शर्यत रद्द केल्याचं निळ्या-पांढऱ्या चौकटींचं निशाण आणि तीन भोंगे, हे त्यासाठी होतं. तुम्ही पुढे होता हे आम्ही पाहत होतो, आणि ते निशाण चढवताना माझ्या जिवावर आलं होतं.

निर्णय बरोबर होता, पण तो घ्यायची वेळ माझ्यामुळे आली. बोया सरकतोय हे लवकर कळलं असतं तर तिथे दुसरी बोट उभी करून तिलाच खूण मानता आलं असतं. नियमात ती सोय आहे. पण बोयाजवळ कुणी नव्हतंच. सकाळच्या खोळंब्यामुळे सगळे उपाशी होते, म्हणून वडापाव आणि पाणी वाटायला मीच तांडेलांची होडी तिथून हलवली. खर्च वाचवायला मी दोन कामांना एकच होडी ठेवली होती.

आणि हे इथे सगळ्यांसमोर लिहितो: सकाळी बोया टाकतानाच तांडेल मला म्हणाले होते, “शेठ, उधाण आहे, दोर कमी पडंल.” मी घाईत होतो. “चालेल,” म्हणालो. ज्या माणसाने उभा जन्म याच पाण्यात काढला, चंद्र बघून भरतीची वेळ सांगतो, त्याचं मी ऐकलं नाही आणि बोलणी मात्र त्याला बसली. बाकी अभिप्राय जसा आहे तसाच राहू द्या, तारेही दोनच ठेवा. फक्त तो ‘अडाणी’ शब्द काढा, ही मनापासून विनंती आहे. त्यांच्या नातवाने तो वाचून दाखवला त्यांना.

निकालाकडे येतो. काळंबेरं काही नाही, पण चूक आहे आणि ती आमचीच आहे. जे/80 या फायबरच्या बोटी सगळ्या एकाच मापाच्या, शिडंही सारखी, त्यामुळे जी आधी रेषा ओलांडते ती जिंकते. लाकडी बोटी मात्र एकीसारखी दुसरी नाही, म्हणून प्रत्येकीला लागलेल्या वेळेला तिच्या गुणकाने, म्हणजे तिचा वेग धरून ठरवलेल्या आकड्याने, गुणावं लागतं. तुमच्या गटाची सुरुवात जे/80च्या दहा मिनिटं मागून होती आणि आमच्या माणसाने वेळ पहिल्या भोंग्यापासून धरली. सगळ्यांनाच दहा मिनिटं जास्त लागली तर काय बिघडलं, असं मलाही वाटलं होतं. पण बिघडतं. तुमचा गुणक 0.900, तुमच्या पुढे लावलेल्या बोटीचा 0.850. जादा 600 सेकंदांचे तुमच्या नावावर 540 झाले आणि त्यांच्या नावावर 510. म्हणजे तुम्हाला 30 सेकंदांचा फुकटचा भुर्दंड. शनिवारी जाहीर केलेल्या निकालात तुम्ही 18 सेकंदांनी मागे होता. खरं तर तुम्ही 12 सेकंदांनी पुढे होता. मंगळवारी बदललेल्या निकालात तुम्ही तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर आलात तो यामुळे. तेव्हाच दोन ओळींत कारण कळवलं असतं तर तुम्हाला शंका आली नसती. ज्यांचा क्रमांक खाली गेला त्यांना मी फोनवर सगळं समजावलं. त्यांनी चषक लगेच परत पाठवला आणि तुमचं अभिनंदन सांगितलं आहे.

क्रेनबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला मान्य नाही. दोन्ही पट्टे तुम्ही दिलेल्या खुणांवरच होते आणि वर आडवी दांडी लावून ते फाकवलेले होते, म्हणजे बोटीचे काठ आवळले जात नाहीत. फोटो तुम्हाला पाठवले आहेत. पाणी शिरलं ते सांध्यांतून. पावसाळ्यापासून बोट जमिनीवर होती, फळ्या सुकून आकसल्या होत्या. पाण्यात राहिल्यावर त्या फुगतात आणि सांधे मिटतात. शुक्रवारी तुम्ही तासातासाला पाणी उपसत होता. रविवारी सकाळी तुमच्याच मुलीने सांगितलं की रात्रभरात एकच बादली निघाली. फळ्या जागेवर आल्या होत्या. आमचं चुकलं ते एवढंच की तुम्हाला क्रेनची वेळ गुरुवारची दिली. लाकडी बोट शर्यतीआधी आठ दिवस तरी पाण्यात हवी. पुढच्या वेळी लाकडी बोटींना क्रेन आधी मिळेल आणि तेवढे दिवस जागेचं भाडं घेणार नाही.

राहिलं फोटोपुरतं बोलावण्याचं. हे वाचून वाईट वाटलं. या बंदरात 1846 पासून यॉट क्लब आहे; आणि जुनी बोट म्हणजे शर्यतीतून बाद असं जगात कुठेच नसतं. नॉर्वेच्या योहान आंकर यांनी 1929 मध्ये आखलेली ‘ड्रॅगन’ ही शिडाची बोट 1948 ते 1972 ऑलिंपिकमध्ये धावली आणि तिच्या शर्यती आजही होतात. फायबरच्या बोटींच्या शर्यती भरवायला सोप्या. गुणक नको, उपसणं नको, क्रेनची काळजी कमी. तरीही लाकडी बोटींचा गट आम्ही ठेवतो, कारण त्या शेडमध्ये ताडपत्रीखाली कुजताना मी पाहिल्या आहेत. पहिल्या शर्यतीत तुमची सागवानी बोट एका अंगावर कलून, चौकोनी शीड भरून वरच्या बोयाकडे निघाली तेव्हा समितीच्या बोटीवर कुणी बोलत नव्हतं. पण बक्षीस समारंभात तुमच्या गटाला शेवटी, माणसं उठायला लागल्यावर बोलावलं, हे खरं. यापुढे सुरुवात त्याच गटापासून होईल.

रद्द शर्यतीचं म्हणून निम्मं शुल्क फक्त तुम्हाला नाही, सगळ्याच बोटींना परत केलं आहे. कालपर्यंत ते खात्यात जमा झालं असेल; नसेल तर फोन करा. बोयांसाठी चाळीस मीटरचे दोर आणले आहेत. लांबी तांडेलांनी ठरवली. बोयाची होडी आता बोया सोडून हलणार नाही, जेवण-पाण्याला वेगळी होडी असेल.

तुमचा चषक माझ्याकडे आहे. येत्या रविवारी सकाळी मी आणि तांडेल धक्क्यावरच असू. मुलीला घेऊन या, सुकाणू तिच्याच हातात होतं.