यादीत काम उरलं म्हणजे आळस नव्हे

दर आठ-पंधरा दिवसांनी एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतो. त्याचं म्हणणं असं: यशस्वी माणसाची कामांची यादी रात्री कोरी असते. काम उरलं तर तो आळस. अपुरं काम मेंदूला छळतं हे मानसशास्त्रज्ञ झायगार्निक यांनी सिद्ध केलंय, म्हणून सगळं उरकल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकू नका. तरीही उरलंच, तर उद्याच्या यादीत जसंच्या तसं वर लिहा.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघते. हा मेसेज मनावर घेऊन रात्र-रात्र जागणारी माणसं माझ्या घरात आहेत, म्हणून लिहितेय.

आधी आळसाचं. हळदीच्या सीझनला आधी सौदे, मग वजन, मग शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाचा लेखी हिशेब. हमाल दुसऱ्या गाडीवर अडकले की वजन राहतं, आणि वजनाशिवाय पट्टी निघत नाही. माझ्या वहीत ती ओळ उरते. तासगावकडचा द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणीची तारीख धरून बसलेला असतो, पण आभाळ भरून आलं की कात्री खाली ठेवतो. कोवळ्या फुटीवर पाऊस झाला तर डाऊनी हा रोग येणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याला आळशी म्हणायचं? टाळाटाळ करणारे असतातच, पण उरलेल्या ओळीकडे नुसतं बघून ते ओळखता येत नाही. आणि पुष्कळदा यादीच दिवसात न मावणारी असते. कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो, हे कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय.

आता झायगार्निक. ब्लुमा झायगार्निक यांचा बर्लिनमधला अभ्यास १९२७ सालचा. मध्येच थांबवलेली कामं लोकांना पूर्ण केलेल्या कामांपेक्षा जास्त आठवली, एवढंच त्यांना दिसलं. नंतरच्या प्रयोगांत तेही सगळीकडे सारखं मिळालं नाही. तो अभ्यास झोपेबद्दल नव्हताच. उलट मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत असं आढळलं, की अपुऱ्या कामाचा नेमका बेत ठरवला तरी ते डोक्यात घोळायचं थांबतं. काम संपवावंच लागतं असं नाही.

झोपेचंही उत्तर आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी झालेली कामं लिहिली, काहींनी पुढच्या काही दिवसांत करायची. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांनी जास्त बारकाईनं लिहिलं त्यांना आणखी लवकर. एकच छोटा प्रयोग आहे, पण मेसेजच्या अगदी विरुद्ध बोलतो.

मीही एका मार्चमध्ये यादी कोरी करायचीच म्हणून रात्री साडेअकराला घरी शेवटची पट्टी लिहिली. १८४६ किलोच्या जागी १४८६ लिहिले. ३६० किलो हळद! सकाळी ते शेतकरी काका पट्टी दोन्ही हातांत धरून दुकानाच्या पायरीवर उभे होते. "ताई, एवढीच भरली का हो?" त्यांचा तो आवाज अजून कानात आहे. ती पट्टी सकाळी लिहिली असती, तर कुणाचंही काही अडणार नव्हतं.

राहिला शेवटचा मुद्दा, जसंच्या तसं उतरवण्याचा. तो मला सगळ्यात घातक वाटतो. आमच्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, रोज संध्याकाळी शिल्लक काढतात आणि दुसऱ्या दिवशी तीच पहिल्या ओळीत आरंभीची शिल्लक म्हणून घेतात. शिल्लक उरली म्हणून कुणी खाली मान घालत नाही. पण ती मोजून, ताडून मगच पुढे नेतात. कामाचंही तसंच करायला हवं: का उरलं, कुणावाचून अडलं, कधी होणार. यातल्या कशालाच उत्तर नसेल, तर ओळ खोडायची. 'कपाट आवरणे' मी अकरा दिवस उतरवत होते. बाराव्या दिवशी खोडलं.

आज वहीत तीन ओळी उरल्यात. एकीपुढे लिहिलंय: 'वजन झाल्यावर, सकाळी दहा.' दुसरीपुढे भावाचं नाव, कारण ते काम त्याचं आहे. तिसरी खोडली.