जपान म्हाताऱ्यांच्या ओझ्याखाली बुडाला, हे खरं नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. गोषवारा असा: जपानमध्ये म्हातारे फार झाले, कामाला माणसं उरली नाहीत, बायका घरी बसतात, परदेशी माणसाला तिथे थारा नाही, कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या अडीचपट झालंय, पेन्शनची तिजोरी रिकामी होत आलीय, म्हणून आपण आत्ताच जास्त मुलं जन्माला घालावीत. यातलं थोडं अर्धसत्य आहे आणि त्याच्या आधाराने बाकीचं खपून जातं. वृद्ध माणसांना देशावरचं ओझं ठरवणारा हा सूर मला घातक वाटतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

‘कामाला माणसं उरली नाहीत.’ १५ ते ६४ वयाची लोकसंख्या १९९५ च्या सुमारास ८ कोटी ७० लाखांच्या आसपास होती, आज ती साडेसात कोटींच्या खाली आहे. एवढी घट खरीच. पण २०१२ मध्ये सुमारे ६ कोटी २८ लाख लोक कामावर होते आणि २०२४ मध्ये ६ कोटी ७८ लाख. देश म्हातारा होत असताना कामावरची माणसं वाढली. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारण चौथा माणूस काम करतो. ज्याला नोकरीत राहायचंय त्याला ६५ पर्यंत ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे आणि २०२१ पासून ७० पर्यंत ठेवण्याचा प्रयत्न करा, असंही कायदा सांगतो. यातल्या अनेकांना साठीनंतर तेच काम कमी पगारात, कंत्राटावर करावं लागतं. हा अन्याय आहे आणि त्यावर बोललं पाहिजे. पण ही माणसं रिकामी बसून खातात, असं म्हणणं साफ खोटं आहे.

‘बायका घरी बसतात.’ ही माहिती जुनी झाली. कामाच्या वयातल्या ७० टक्क्यांहून जास्त जपानी स्त्रिया आज नोकरी करतात, अमेरिकेपेक्षाही जास्त. खरी अडचण वेगळीच आहे आणि ती सरकारी नियमांनी तयार केलीय. नवरा कंपनीत नोकरीला असेल आणि बायकोची वर्षाची कमाई १३ लाख येनच्या आत असेल, तर तिला स्वतः हप्ता न भरता पेन्शन आणि आरोग्यविमा मिळतो. मोठ्या कंपन्यांत ही रेषा त्याहूनही खाली ठेवलेली होती. रेषा ओलांडली की हप्ते सुरू होतात आणि जास्त तास राबूनही हातात कमी पैसे येतात. मग वर्ष संपत आलं की दुकानांत, कारखान्यांत अर्धवेळ काम करणाऱ्या बायका आपल्या पाळ्या कमी करून घेतात, नेमकी तेव्हाच माणसांची सगळ्यात जास्त गरज असते. नोकरी करणाऱ्या निम्म्याहून जास्त स्त्रिया अशा अनियमित कामात आहेत. १९८० च्या दशकात, नवरा कमावणार आणि बायको घर सांभाळणार हे गृहीत धरून ही पेन्शनची सोय झाली. ती बदलायला सरकारं कचरतात, कारण लाखो कुटुंबांचा महिन्याचा हिशेब तिच्यावर बसलाय. मनुष्यबळाची टंचाई म्हणतात त्यातला मोठा भाग इथे अडकलाय.

‘कर्जाने बुडाला.’ आकडा साधारण बरोबर, निष्कर्ष चुकीचा. हे कर्ज येनमध्ये आहे. सरकारी कर्जरोख्यांपैकी साधारण निम्मे बँक ऑफ जपान या देशाच्या मध्यवर्ती बँकेकडेच आहेत आणि उरलेल्यातले बहुतेक देशातल्याच बँका, विमा कंपन्या आणि फंडांकडे. शिवाय सरकारकडे मालमत्ताही मोठी आहे. बाकीच्या जगाकडून जपानचं येणं इतकं, की तीन दशकांहून जास्त काळ तो जगातला सगळ्यात मोठा धनको देश होता. २०२४ अखेर जर्मनी पुढे गेला. काळजीचं कारण आहे ते व्याजाचं. मार्च २०२४ मध्ये बँक ऑफ जपानचे उणे (शून्याखालचे) व्याजदर संपले आणि आता नव्याने काढलेल्या प्रत्येक रोख्यावर जास्त व्याज द्यावं लागतंय. अर्थसंकल्पाचा जवळपास चौथा हिस्सा कर्जफेड आणि व्याजात जातो. यावरचा उपाय करवाढ, पण ती राजकीयदृष्ट्या महागात पडते: उपभोग कर (खरेदीवरचा कर) १९८९ मध्ये ३ टक्के होता, १० टक्क्यांवर पोचायला २०१९ उजाडलं.

पेन्शनची तिजोरी? २००४ च्या सुधारणेने हप्त्याला पगाराच्या १८.३ टक्क्यांची मर्यादा घातली (निम्मा वाटा मालकाचा) आणि लोकसंख्या बदलेल तशी पेन्शनची वाढ आपोआप रोखण्याची सोय केली. योजना टिकते, पण वृद्धांच्या हाती कमी येतं. झळ बसते ती त्यांनाच.

‘परदेशी माणसाला थारा नाही.’ परदेशी कामगार ऑक्टोबर २०२४ मध्ये २३ लाखांवर गेले, तोवरचा उच्चांक.

राहिला उपदेश, जास्त मुलांचा. २०२४ मध्ये जपानमध्ये सात लाखांहूनही कमी बाळं जन्मली, हे गंभीरच आहे. पण आज जन्मलेलं मूल कमावून हप्ता भरू लागेल ते २०४५ च्या पुढेमागे, आणि वृद्धांची काळजी घेणाऱ्यांची टंचाई आजची आहे. महाराष्ट्राचा जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुलं) २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ होता, म्हणजे या वाटेवर आपणही आहोत. जपानने सर्वांसाठी पेन्शन आणि आरोग्यविमा १९६१ मध्ये लागू केला, तेव्हा तिथे पासष्टीपुढचे लोक सहा टक्क्यांच्या आसपास होते. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेतच साठीपुढचे दहा टक्क्यांच्या जवळ पोचले होते, आणि शेतमजूर, घरकामगार, बिगारी यांच्यातल्या बहुतेकांना आजही हप्ता भरून मिळणारी पेन्शन नाही.