मामाच्या नंबरची बेरीज

आज सकाळी मामेबहिणीचा मेसेज आला. "दादा, जुना नंबर बंद केलाय, हा सेव्ह कर." जुना म्हणजे मामाचा नंबर. मामा गेल्यावर तिनेच तो इतकी वर्षं चालू ठेवला होता. का गं बंद केलास, विचारलं. तर म्हणे अंकशास्त्रवाल्याने सांगितलं, बेरीज आठ येते, आठ म्हणजे शनी, म्हणून कामं अडतात.

बेरीज आठ येते. मामाच्या नंबरची!

तेव्हापासून डोकं फिरलंय. इथे ओततोय, कंटाळा आला तर पुढे सरका.

मला आकड्यांचं वेड लावलं ते मामानेच. नऊ-दहा वर्षांचा असेन, तापाने पडलो होतो. मामा उशाशी बसला, कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि म्हणाला, चार आकडे सांग. मी ३५२१ म्हणालो. मोठ्यातली मोठी संख्या कर, लहानातली लहान कर, वजा कर. ५३२१ वजा १२३५, ४०८६. आता त्याचंच पुन्हा. ८६४० वजा ०४६८, ८१७२. तिसऱ्या पायरीला मी ७४५३ लिहिलं. मामाने वजाबाकी तपासलीसुद्धा नाही. नुसती नजर टाकली आणि म्हणाला, "चुकलास. हातचा विसरलास."

न करताच कसं कळलं? तर म्हणे आकड्यांची बेरीज कर. ७, ४, ५, ३ झाले १९, मग १ आणि ९ दहा, १ आणि शून्य एक. "त्याच आकड्यांची उलटसुलट वजाबाकी केली की उत्तराला नवाने भाग जातोच. बेरीज शेवटी नऊच यायला हवी. तुझी येतेय एक." खरं उत्तर होतं ७४४३. मग ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. त्यापुढे कितीही करा, ६१७४च. चारही आकडे सारखे नसले की कुठूनही निघा, सात पायऱ्यांच्या आत तिथेच पोचता. हे कापरेकरांनी शोधलं, देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या एका मास्तरांनी. (मी लबाडी करून ११११ दिला, तर शून्य आलं. मामा इतका हसला की आई बघायला आली.)

आता कळलं का मी का चिडलोय? हीच बेरीज! मामा तिच्याने चूक पकडायचा, हा माणूस तिच्याने नशीब पकडतो. अरे, ही बेरीज म्हणजे नवाने भागल्यावरची बाकी, बास. दर नववी संख्या आठवर येते. मग काय, दर नवव्या माणसाची कामं अडतात? आणि आपल्याला बोटं दहा म्हणून आपण दहाच्या पटीत लिहितो. आठच बोटं असती तर तोच नंबर वेगळा लिहिला असता, बेरीज वेगळी आली असती. शनीने मग काय केलं असतं? चीन-जपानमध्ये चारला घाबरतात, कारण त्यांच्याकडे 'चार' आणि 'मृत्यू' सारखे ऐकू येतात. आपल्याकडे नाही येत, म्हणून आपण खुशाल चारजण मिळून बसतो.

बरं, मीही काही फार शहाणा नाही. जिना चढताना पायऱ्या मोजतो, विषम आल्या की उगाच चुटपुट लागते. आणि हिचं हे वर्ष फार वाईट गेलंय, ते मला माहीत आहे. नंबर बदलून रात्री झोप लागत असेल तर लागू दे बाई.

पण निदान विचारायचंस तरी. तो नंबर मी घेतला असता.

मामाला ४५ फार आवडायचा. ४५चा वर्ग २०२५, त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. असल्या संख्यांना कापरेकरांचंच नाव आहे. मामा म्हणायचा, ते साल येईल तेव्हा मी असेन-नसेन, तू माझ्यासाठी बघून घे. २०२५ उजाडलं त्या रात्री मी त्याच नंबरवर मेसेज टाकला होता, '२० + २५'. बहिणीने अंगठा पाठवला. तिला वाटलं असेल, चुकून आला.

तिच्यावर रागावून काय करू? मामाने ते पान तिच्यासमोर कधी उलटं केलंच नाही, ती तेव्हा पाळण्यात होती. आणि ती मोठी होईतो मामा थकला होता. मी तरी कुठे तिला कधी जवळ बसवून दाखवलं?

नवा नंबर सेव्ह केलाय. जुना डिलीट करायला बोट जात नाही, 'मामा' म्हणूनच आहे तो अजून. मघाशी सवयीने नव्या नंबरचे शेवटचे चार आकडे कागदावर उतरवून बसलो. तिसऱ्या पायरीला बेरीज नऊ येईना. पुन्हा हातचा विसरलो होतो.