‘गुळाने रक्त वाढतं’ म्हणणाऱ्या कराडच्या दादांना

दादा, काल रात्री तुमची प्रतिक्रिया वाचली आणि झोपच उडाली. लोह कमी का होतं यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “ताई, तुम्ही डॉक्टर नाही. उगाच बायकांना तपासण्यांची भीती घालू नका. गूळ-शेंगदाण्याने रक्त वाढतं, आमच्या आज्या त्यावरच नव्वदीपर्यंत जगल्या. बी-१२ चा तर लेखात पत्ताच नाही, निम्म्या लोकांचा थकवा त्यानेच असतो.”

आधी एक कबूल करते. ‘गुळात लोह नसतंच’ हे माझं वाक्य चुकलं. असतं, थोडंसं. दुरुस्त केलंय.

पण ‘भीती घालू नका’ हे कुणाला सांगताय? मी शिराळ्याकडच्या गुऱ्हाळावर वाढलेली पोर. चुलवणावरून उतरलेली काकवी भाकरीशी खाल्लीय, शेंगदाण्याचा लाडू तर रोजचा. तरी चौतिसाव्या वर्षी माझं हिमोग्लोबिन ७.२ आलं. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. जिना चढताना धाप लागायची. डब्यातले कच्चे तांदूळ मी चोरून खायचे. नखं चमच्यासारखी खोलगट झाली होती. भांडी घासून झाली की पाण्याचा थेंब नखावर बसून राहायचा, ओघळायचा नाही. घरचे म्हणायचे, “खात जा गं नीट.” तीन वर्षं हेच. पाळीत आठ-आठ दिवस रक्त जातंय, हे एकानेही विचारलं नाही. शेवटी सांगलीत सोनोग्राफी केली तेव्हा गर्भाशयात गाठ निघाली. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, फक्त ६ होतं.

हिशेब तुम्हीच करा. अन्नातून रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह अंगी लागतं. निरोगी माणसाच्या १ मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेलं तर ४० मिलिग्रॅम लोह गेलं, म्हणजे वीस ते चाळीस दिवसांत अंगी लागणारं सगळंच. ते गुळाच्या खड्याने कसं भरून काढणार? मूळव्याधीतून रक्त जातं, गुडघ्यासाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून जातं, पाणी दिलेल्या उसात अनवाणी फिरून अंकुशकृमी झाले तर तेही आतड्यातलं रक्त पितात. पन्नाशीच्या पुरुषाचं लोह घटलं तर डॉक्टर आधी आतडं तपासतात, कारण तिथे कर्करोगही असू शकतो. त्याला काय शेंगदाणे चारत बसायचं? याला तुम्ही भीती म्हणता!

आणि आज्यांचं म्हणाल तर, नव्वदी गाठलेल्या तेवढ्या तुम्हाला दिसल्या. माझ्या वडिलांची आई चौथ्या बाळंतपणात रक्त जाऊन गेली. वडील तेव्हा सहा वर्षांचे होते. तिला मोजायचं की नाही?

मी डॉक्टर नाही, हे पहिल्याच लेखात लिहिलंय. तुम्ही तो वाचलेला दिसत नाही. गोळ्या किती नि कुठल्या घ्यायच्या हे मी कधीच सांगत नाही, कारण शोधा एवढंच सांगते.

बी-१२ हा वेगळा विषय, एका लेखात सगळं मावत नाही. आणि दादा, ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची नि पुढे असं फटकारायचं, ही रीत आमच्याकडे नाही.