रक्त गाळलं की सेप्सिस जातो?

फॅमिली ग्रुपवर फिरणारा संदेश थोडक्यात असा: "सेप्सिस म्हणजे रक्तात पसरलेलं विष. आयसीयूत फिल्टर लावून ते गाळून काढता येतं. जपानमध्ये 1994 पासून हेच करतात. आपले डॉक्टर सांगत नाहीत."

विष? जंतुसंसर्गाला तोंड देताना शरीराचा तोल सुटतो आणि स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात, तो सेप्सिस. हा गोंधळ नुसत्या रक्तात नसतो, त्यामुळे तुरटी फिरवून गढूळ पाणी निवळावं तसं इथे होत नाही. शिवाय फिल्टरला आपलं-परकं कळत नाही. काही फिल्टर व्हॅन्कोमायसिनसारखं प्रतिजैविकही शोषून घेतात.

जपानचं मात्र खरं आहे. पॉलिमिक्सिन-बी हे प्रतिजैविक लावलेल्या धाग्यांचा तो फिल्टर एंडोटॉक्सिन, म्हणजे काही जंतूंच्या आवरणातलं विषारी द्रव्य, पकडतो. पण ते असतं ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या गटातल्या जंतूंचं, सगळ्या नव्हे. इटलीतल्या 2009 च्या चाचणीत 64 रुग्ण होते. 28 दिवसांतले मृत्यू फिल्टर लावलेल्यांत 32 टक्के, इतरांत 53. आकडे मोहात पाडणारे आहेत, पण चाचणी छोटी आणि मध्येच थांबवलेली. 2015 मध्ये फ्रान्समध्ये उलटंच दिसलं: फिल्टरवाले 27.7, बाकीचे 19.5 टक्के (फरक योगायोगाचाही असू शकतो). मग 2018 मध्ये अमेरिका-कॅनडातले 450 रुग्ण, तुलनेच्या गटाला खोटा फिल्टर, म्हणजे नुसता देखावा. मृत्यू खऱ्या फिल्टरवाल्यांत 37.7, खोट्यावाल्यांत 34.5 टक्के. फायदा दिसला नाही. एंडोटॉक्सिन ठरावीक पातळीत असलेल्यांना उपयोग होतो का, हा प्रश्न त्यानंतरही अभ्यासला गेला. पण तो सरसकट सगळ्यांचा उपाय नव्हे.

"डॉक्टर सांगत नाहीत" हे तर अजबच. सायटोसॉर्ब नावाचा दुसरा फिल्टर भारतात 2013 पासून मिळतो. 2020 मध्ये कोविडसाठी त्याला आपत्कालीन परवानगीही मिळाली. जर्मनीत एक्मोवरच्या (शरीराबाहेरून रक्ताला प्राणवायू देणारं यंत्र) 34 कोविड रुग्णांवर तो तपासला: फिल्टर लावलेल्या 17 पैकी महिन्याभराने 3 जिवंत होते, न लावलेल्या 17 पैकी 13. चाचणी लहानच, तरी अंगावर काटा येतो. सेप्सिसच्या 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही पॉलिमिक्सिनचा फिल्टर वापरू नये असंच सुचवतात.

मूत्रपिंडं बंद पडली म्हणून करायचं डायलिसिस वेगळं. ते सांगितलं तर हा लेख दाखवून नाही म्हणू नका.

आणि फिल्टरबद्दल विचारण्याआधी हे विचारा: प्रतिजैविक किती वाजता सुरू झालं? ब्लड कल्चर (रक्तात कोणता जंतू आहे ते शोधणारी तपासणी) त्याआधी घेतलं होतं का? पू कुठे साठलाय, आणि तो काढला का?